तिसरी हाक दाराबाहेर

तुमच्या खिशात आत्ता असा एखादा नंबर आहे का, जो तुम्ही घेतलात आणि वापरणार नाही?

घाईने नाही म्हणू नका. मीही आधी ठामपणे नाहीच म्हणाले होते. मग पर्स उलटी केली. दाताच्या डॉक्टरकडचा एक, बँकेतले दोन आणि कुठल्याशा कचेरीतला एक, ज्याची शाईसुद्धा उडाली होती, असे चार निघाले. म्हणजे चार वेळा कोणीतरी मला हाका मारत राहिलं आणि माझ्या मागे बसलेल्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. मी त्या वेळी कुठे होते? बहुतेक लोकांच्या हक्कांवर कुठेतरी तावातावाने बोलत होते.

जिच्यामुळे मला पर्स उलटी करावी लागली, त्या बाईची ही हकिकत. आमच्या भागात तिला सगळे नंबरताई म्हणतात. सरकारी दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला हाडांच्या विभागाची खिडकी आहे, तिथे ती बावीस वर्षं बसते. काम सांगायला सोपं. माणूस केसपेपर देतो, ती नंबर देते. नंबर आला की हाक मारते. रोज तीनशे माणसं, आणि त्यातल्या निम्म्यांना वाटतं की आपलं हाड जास्त मोडलंय.

पाच वर्षांपूर्वी दवाखान्याने नंबर पुकारायचं मशीन बसवलं. मशीन गोड आवाजात एकदा नंबर सांगतं आणि पुढे जातं. नंबरताई मशीनची हाक हाकेत धरत नाही. "त्या बिचाऱ्याला घसाच नाही," म्हणते. तिच्या स्वतःच्या हाका तीन. पहिली बसून. दुसरी खुर्चीतून उठून, काचेतल्या अर्ध्या गोल भोकाशी तोंड नेऊन. तिसरी दाराबाहेर व्हरांड्यात येऊन, कमरेवर हात ठेवून. ही तिसरी हाक रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जाते. एकदा त्याने चुकून ओ दिली होती. तिसरीलाही कोणी आलं नाही, की ती आत येऊन चिठ्ठी टेबलावरच्या लोखंडी खिळ्यात खुपसते. नंबर मेला. मागाहून माणूस धापा टाकत आला तरी त्याने शेवटी बसायचं, मग तो कोणाचाही कोणी असो.

मेलेल्या नंबरांचा तिला मनस्वी राग. नंबर घेऊन न सांगता निघून जाणाऱ्यांबद्दल ती म्हणते, "त्यांना चोर नाही म्हणता येत. चोर निदान नेलेलं वापरतो."

दुसरा राग टकटक करणाऱ्यांचा. दर पाच मिनिटांनी कोणीतरी काचेवर टकटक करून विचारतं, "माझा नंबर कधी येणार?" ती सांगते, "आल्यावर." टकटक केल्याने नंबर सरकत नाही, काच तेवढी घाण होते, असं तिचं मत आहे आणि काच रोज तीच पुसत असल्यामुळे ते खोडून काढणं अवघड आहे.

तिची माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झाल्या. नऊ वर्षांपूर्वी मी आत्याला घेऊन गेले होते. आत्या पाणी प्यायला गेली आणि तेवढ्यात तिचा नंबर मेला. मी खिडकीवर जाऊन सुरू झाले. म्हाताऱ्या माणसाला पाणी पिण्याचा हक्क नाही का, हा नियम कुठे लिहिलाय तो दाखवा, साहेबांना बोलवा, सगळं झालं. ती माझं तोंड दुखेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "ओरडून झालं की शेवटी बसा. ओरडणाऱ्यांची वेगळी रांग नसते."

आम्ही शेवटी बसलो. खिडकी एकला बंद होते. सव्वादोनला आत्या डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा नंबरताई खिडकीतच बसलेली होती. डबाही उघडला नव्हता. का बसलात, म्हणून विचारलं तर म्हणाली, "एक नंबर बाकी होता." तेव्हापासून मी तिला ताई म्हणते आणि ती मला पुढारीणबाई म्हणते. दोघींपैकी आदर कोणाच्या बोलण्यात आहे, ते तुम्हीच ठरवा.

ताईचं घर लाँड्रीच्या वर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि दुपारभर इस्त्रीची वाफ फुकट. नवरा बसच्या डेपोत टायर बदलतो. घरात फार बोलत नाही. डेपोत बोललेलं कोणाला ऐकूच येत नाही, त्यामुळे त्याची सवय मोडली. आणि एक मुलगी, यंदा बारावी झालेली.

दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे कृत्रिम पाय बनवतात. शाळा सुटल्यावर आईची वाट बघत ही पोरगी शेडच्या पायरीवर बसायची. तिथे एक बाई दर महिन्याला भांडायला यायची. बनवून दिलेला पाय मजबूत होता, मापात होता, पण जिना उतरताना गुडघ्यात टक्‌ असा आवाज यायचा. "घरात सगळ्यांना कळतं मी कुठल्या पायरीवर आहे," ती म्हणायची. "मला एकदा तरी गुपचूप खाली उतरायचंय." शेडमधले कारागीर हसायचे. पोरगी हसली नाही. तिने तेव्हाच ठरवलं, की आपण आवाज न करणारा गुडघा बनवायचा. हे शिकवणारं कॉलेज आमच्याकडून बसने दोन तासांवर एकच. जागा तीस.

निकाल लागला, तिने अर्ज भरला, आणि उत्तर आलं : प्रतीक्षा यादी, क्रमांक सहा. दुसरा पर्याय म्हणून घराजवळच्या कॉलेजात ऑफिस मॅनेजमेंटचा अर्ज होता. तिथे लगेच जागा मिळाली आणि तिने ती पक्की करून ठेवली. न मिळालेल्या गोष्टीची वाट बघताना हातात काहीतरी असावं, हे सगळेच सांगतात. मीही सांगितलं.

मग वाट बघणं सुरू झालं. खालचा लाँड्रीवाला तिला "सहावी" म्हणायला लागला. "काय सहावी, झालं का?" दुधाला जाताना एकदा, येताना एकदा. वरच्या मजल्यावरची काकू म्हणाली, "सहा म्हणजे झालंच समज." शेजारची म्हणाली, "सहा म्हणजे कठीणच गं." दोघींनी दोन दिवसांनी मतं बदलून घेतली.

पोरगी कोणाशी भांडली नाही, रडलीही नाही. तिने पाना आणि तेलाची बाटली घेतली आणि घरातल्या बिजागऱ्या खोलायला सुरुवात केली. आधी कपाट, मग खिडक्या, मग बापाचं घडीचं स्टूल, मग छत्री. सगळं सुटं करून, पुसून, तेल घालून परत जोडायची. तीन आठवड्यांत त्या घरात एकही वस्तू कुरकुरेना. बाप एकदाच बोलला. "आता चोर आला तरी कळायचं नाही," म्हणाला. छत्री मात्र तिला परत जोडता आली नाही. तिच्या काड्या वर्तमानपत्रावर तशाच पसरून ठेवल्या होत्या आणि त्यांना हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

आता चूक सांगते. ही चूक दुसऱ्या कुठल्याही घरात झाली नसती.

कॉलेजच्या पत्रात खाली लिहिलं होतं, की अजून वाट बघत असाल तर दर सोमवारी आमच्या वेबसाइटच्या पानावर जाऊन बटण दाबून कळवा. पोरीने ते वाचलं होतं. पहिल्या सोमवारी तिने आईला विचारलंही. मी तिथेच होते, कसल्याशा अर्जावर सह्या घ्यायला आले होते.

"आई, दर सोमवारी बटण दाबायला सांगितलंय. अजून वाट बघतोय म्हणून."

ताई ताटं पुसत होती. "त्यांना माहीत नाही का, आपण वाट बघतोय ते?"

"माहीत असेल की. नंबर त्यांनीच दिलाय."

"मग? दर सोमवारी जाऊन काचेवर टकटक करायची? माझा कधी, माझा कधी? आपण तसली माणसं नाही."

बाप म्हणाला, "एक बटण तर आहे. दाबू दे की."

"तुम्ही नका बोलू यात. टायरला वेटिंग नसतं."

मीही बोलले नाही, आणि मी न बोलल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत. पोरीने बटण दाबलं नाही. पुढच्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंबर मिळालेल्या माणसाने गप्प बसावं आणि हाक आली की उठावं, हे त्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

तिसऱ्या सोमवारनंतर पत्र आलं. पोरीने ते उभ्यानेच वाचून दाखवलं. "सलग तीन वेळा प्रतिसाद न मिळाल्यामुळे आपले नाव यादीच्या शेवटी ठेवण्यात येत आहे. सुधारित क्रमांक : चोवीस."

खाली इस्त्री फुस्स करत होती.

मग पोरगी म्हणाली, "आई, तीन हाका झाल्या."

मी उठलेच. म्हटलं, हा कसला नियम? पोरांना बटणं दाबायला लावता? उद्या शंभर माणसं घेऊन जाऊ, गेटवर बसू, पेपरात देऊ. दोन पेपरवाले माझ्या ओळखीचे होते, त्यातला एक माझ्याशी बोलतही होता.

"खाली बस, पुढारीणबाई," ताई म्हणाली. "नियम बरोबर आहे. माझाच आहे."

"तूच म्हणालीस टकटक करायची नाही," पोरगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"म्हणाले."

"मग?"

"चुकलं."

नऊ वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तिच्या नवऱ्याने बहुतेक एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला असावा, कारण तो खुर्चीतून उठून उगाचच खिडकी लावायला गेला. खिडकीने आवाज केला नाही.

चार दिवसांनी ताईने रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "काचेवर टकटक करण्यासाठी." साहेबांनी सही केली. वाचलं नसणार.

आम्ही तिघी गेलो. ताईला बाहेरच्या जगात बोलता येत नाही, बोलायला कोणीतरी हवं, म्हणून मी सोबत गेले. आधीच सांगून टाकते, दिवसभरात मला कोणीही बोलू दिलं नाही.

कॉलेजच्या ऑफिसला काचेची खिडकी होती आणि काचेत तसंच अर्ध्या गोल आकाराचं भोक होतं. ताई त्याच्यासमोर क्षणभर नुसती उभी राहिली. बावीस वर्षांत तिने असली काच या बाजूने बघितली नव्हती. मग तिने बोटाच्या पेराने एकदा टकटक केली. एकदाच.

आत बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला एक कारकून होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "यादीचं सगळं काम ऑनलाइन आहे."

"बरोबर आहे," ताई म्हणाली आणि हलली नाही.

जरा वेळाने त्याला मान वर करावी लागली. "काय आहे?"

"माझ्या मुलीचा नंबर चोवीस आहे. शेवटचा. तिथेच ठेवा."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. नंबर वर घ्या म्हणून रडणारी माणसं त्याने रोज बघितली असतील. हा प्रकार नवा होता. "मग तुम्हाला पाहिजे काय?"

"पुढचे तेवीस खरंच आहेत का, ते पाहिजे."

"आहेत म्हणजे काय? दर सोमवारी सगळे बटण दाबतात."

"बटण दाबतात. तुम्ही हाक मारलीत का?"

"ईमेल जातो की प्रत्येकाला."

"बसून?"

"काय बसून?"

"ईमेल बसूनच पाठवता ना?"

"मग काय उभं राहून पाठवू, बाई?"

"तेच म्हणते मी. तुमच्या सगळ्या हाका बसून आहेत."

त्याने खुर्ची काचेजवळ ओढली. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही कुठे असता?"

"खिडकीत. हाडांच्या. रोज तीनशे."

"बाप रे. माझ्याकडे वर्षाला सहाशे."

"मग तुम्हाला वेळ आहे."

मला वाटलं, आता हाकलून देतो. त्याने दार उघडून तिला खुर्ची दिली. खिडकीतली माणसं एकमेकांना कशावरून ओळखतात कोण जाणे, बहुधा पाठीवरून ओळखत असावीत. दोघांच्याही पाठीत डाव्या बाजूला तोच बाक होता.

"यादी मात्र दाखवता येणार नाही," तो म्हणाला. "नावं गुप्त असतात."

"नावं झाका. मी जन्मात कोणाला नावाने हाक मारलेली नाही. नंबर पुरे."

त्याने नावांवर फाइल आडवी ठेवली. ताईने एक नंबरवर बोट ठेवलं, त्याने फोन फिरवला आणि स्पीकर चालू केला. मी आणि पोरगी बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

एक नंबर म्हणाला, मी अजून थांबलोय. दोन नंबर म्हणाली, "अय्या, मी तर कधीच दुसरीकडे घेतली ॲडमिशन. सांगायचं राहूनच गेलं." तीन नंबर पंधरा दिवस दुसऱ्या कॉलेजात जात होता. "मग बटण का दाबतोस?" कारकुनाने विचारलं. "सवय लागलीय, सर," म्हणाला. चार नंबरच्या आईने फोन घेतला आणि विचारलं, "असू दे की नाव तिथे. तुमचं काय जातंय?" माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते छापण्यासारखं नाही. मी दारापर्यंत गेलेही. ताईने मागे न बघता हाताने "बस" अशी खूण केली.

पाच नंबरने फोन उचलला नाही. कारकून सहावर जायला लागला.

"दुसरी उभं राहून," ताई म्हणाली.

"बाई, फोनला काय फरक पडतो?"

"फोनला नाही पडत. तुम्हाला पडतो."

आणि तो उठला. खरंच उठला. उभ्याने लावलेला फोनही कोणी घेतला नाही, तेव्हा तो व्हरांड्यात आला आणि तिथून तिसऱ्यांदा लावला. पाच नंबरने उचलला. ताईचं शास्त्र खरं, असं मी म्हणत नाही. व्हरांड्यात रेंज बरी होती. पण त्यानंतर त्याला कोणी सांगावं लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो आपणहून उठत होता, आपणहून बाहेर येत होता आणि बाहेर आला की कमरेवर हात ठेवत होता.

तेवीस झाले. खरोखर वाट बघणारे निघाले आठ. बाकीचे पंधरा इथे येणारच नव्हते. ते नुसते दर सोमवारी बटण दाबत होते. जी डोळ्यांत प्राण आणून थांबली होती तिने बटण दाबलं नाही म्हणून ती शेवटी, आणि ज्यांना यायचंच नव्हतं ते सगळे तिच्या पुढे. यावर मी तिथल्या तिथे एक भाषण करू शकले असते. कोणी विचारलं नाही.

"आता पक्के झालेले तीस," ताई म्हणाली.

"ते कशाला? त्यांची ॲडमिशन झालीय."

"माझ्याकडे नंबर घेऊन गेलेल्यांचंही झालेलंच असतं."

तीस फोन झाले. एकवीस जण येणार होते. तिघांनी उचललाच नाही. आणि सहा जण म्हणाले, येत नाही. सहाही जणांनी "राहूनच गेलं" हेच म्हटलं, जणू एकाच मास्तरांनी शिकवलं होतं. कारकुनाने लगेच, उभ्यानेच, आठातल्या पहिल्या सहांना फोन लावले. एक नंबरच्या घरी जी आरडाओरड झाली ती आम्हाला स्पीकरशिवाय ऐकू आली असती.

सहा गेले, आठातले दोन उरले, त्यांच्या मागे पोरगी. सकाळची चोवीस, संध्याकाळी तीन.

ही बातमी तिला सांगायला मी वळले तर बाकावर ती नव्हती. जिन्याखाली फोनवर बोलत उभी होती. मला वाटलं, बापाला सांगत असेल.

परतीच्या बसमध्ये तिने सांगितलं. "आई, मी त्या कॉलेजला फोन केला."

"कुठल्या?"

"घराजवळच्या. येत नाही म्हणून सांगितलं."

मी सीटवरून उडालेच. "वेडी आहेस का गं? इथे अजून तिसरी आहेस! नाही मिळालं तर? हातातली सोडलीस?"

"मावशी, तिथे माझ्या मागे अकरा जण आहेत," ती म्हणाली. "दिवसभर तुम्ही दोघी त्या लोकांना नावं ठेवत होतात. मी पण त्यांच्यातलीच होते ना."

मी ताईकडे बघितलं, तिने तरी हिला झापावं म्हणून. ताई खिडकीबाहेर बघत होती.

मग तिने विचारलं, "फोनवर कोण होतं?"

"एक बाई."

"पुढच्याला लगेच लावला का?"

"हो. मी ठेवायच्या आधीच फिरवायला लागली."

"उभी होती का?"

"ते फोनवर कसं कळणार, आई?"

"आवाजावरून कळतं."

पोरीने जरा विचार केला. "उभी असावी."

"बरं," ताई म्हणाली.

घरी बापाला सगळं सांगितलं. तो पोरीला म्हणाला, "बरं केलंस." मग वर्तमानपत्राकडे बोट दाखवून विचारलं, "छत्रीचं काय ठरलं?" ताई नळाखाली एकच पातेलं बराच वेळ घासत राहिली. ते आधीच घासलेलं होतं.

याला नऊ दिवस झाले. न उचललेल्या तिघांपैकी दोघांशी बोलणं झालं. दोघंही येत नाहीत, दोघांचंही राहूनच गेलं होतं. त्या दोन जागा पुढच्या दोघांना गेल्या. म्हणजे पोरगी आता एक नंबर आहे. लाँड्रीवाल्याने तिला "पहिली" म्हणायला सुरुवात केली होती, पण तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो आता नुसता मान डोलावतो.

राहिली एक जागा, आणि एक फोन जो कोणी उचलत नाही. कारकुनाने आजवर चौदा वेळा लावलाय, बसून, उभं राहून आणि व्हरांड्यातून. एकदा कोणीतरी उचलून "हॅलो, हॅलो" म्हणालं आणि ठेवून दिलं. येत्या सोमवारी वर्ग सुरू होतात. त्यानंतर तिथे नवीन कोणाला घेत नाहीत. कोणी आलं नाही तर ती खुर्ची रिकामी राहते. एक दिवस नव्हे, पूर्ण वर्ष. दुसरीकडची जागा पोरीने सोडलेली आहे, ती परत मिळत नाही. मी विचारून आले, ओरडूनही आले.

ताईला म्हटलं, नाही झालं तर? ती म्हणाली, "तर पुढच्या वर्षी परत अर्ज. तोवर शेडमध्ये पायांच्या साच्यांचं प्लास्टर घासायला माणूस हवाय." असं म्हणाली जणू भाजी संपल्याचं सांगतेय. पण परवा मी दवाखान्यात गेले होते, तेव्हा रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याने मला थांबवलं. म्हणाला, "तुमच्या ताईंना काय झालंय? बावीस वर्षांत तीनच हाका मारायच्या. गेल्या आठवड्यापासून चौथी मारतात." कुठून मारतात, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "माझ्या दुकानात येऊन."

तेव्हा ऐका. हा लेख वाचणाऱ्या कोणाच्या फोनवर गेल्या पंधरा दिवसांत एकाच अनोळखी नंबरावरून चौदा मिस्ड कॉल आले असतील, तर ते कर्जवाले नाहीत, विमावाले नाहीत. स्वेटर घातलेला एक माणूस व्हरांड्यात कमरेवर हात ठेवून तुम्हाला हाक मारतोय. येणार असाल तर या, जागा तुमचीच आहे. पोरगी स्वतः तुम्हाला तुमचा वर्ग दाखवील, तेवढी ती सरळ आहे. येणार नसाल तर "येत नाही" एवढे दोन शब्द बोला. कारण विचारणार नाहीत.

आणि तो माणूस तुम्ही नसलात, तरी उठून आपले खिसे उलटे करा. जिथे जाणार नाही, तिथे फोन लावून तसं सांगा. सोमवारच्या आत सांगा.